भुकेची खूण

“लहानपणी तुमच्या घरी खाण्यापिण्याची फार ओढाताण होती का?” डॉ. मुजावरांनी विचारलं.

शाल्मलीला वाटलं, प्रश्न आईबद्दल आहे. “आईच्या माहेरी होती थोडी. लग्नानंतर नाही.”

“आईंचं नाही, तुमचं विचारतेय.”

“आमचं? तासगावला आमचं सोन्याचांदीचं दुकान आहे, डॉक्टर. आधी बाबा बसायचे, आता ओजस बसतो. आमच्या घरी उपाशी कोण राहणार?”

डॉ. मुजावरांनी टेबलाच्या काचेवर दोन आलेख शेजारी शेजारी सरकवले. गेल्या आठवड्यात मांडीतून सुईने काढलेल्या स्नायूच्या कणांचे ते होते. एक तिचा, एक धाकट्या भावाचा. ओजसची रेघ जन्मापासून आजपर्यंत सपाट होती. शाल्मलीच्या रेघेला एका जागी टेकाड होतं.

“पाच ते आठ या वयात तुमचं शरीर दीर्घकाळ उपाशी होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “एखाद्या आजारपणापुरतं नाही. वर्ष, कदाचित दोन वर्षं. त्याच घरात, त्याच काळात, तुमच्या भावाला तशी काही झळ लागलेली दिसत नाही.” शाल्मलीचा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, “आपल्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. आईंसाठी अशाच पेशी हव्यात.”

उज्ज्वलाबाई पोतदार, वय एकोणसत्तर, न्यूमोनियातून बऱ्या झाल्या होत्या, पण श्वासाच्या यंत्रावरून सुटल्या नव्हत्या. यंत्र श्वास घेत राहिलं तसं श्वासपटलाच्या स्नायूला काही काम उरलं नाही आणि तो झिजून गेला. फुप्फुसं आता स्वच्छ होती, पण यंत्र थोडं बंद केलं की त्यांचा दम संपायचा. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, म्हणून आवाज नाही. अशा रोग्यांना जवळच्या नातलगाच्या स्नायूतल्या मूळपेशी टोचण्याचा उपचार मिरजेच्या या रुग्णालयात गेल्या काही वर्षांत सुरू झाला होता.

स्नायूच्या प्रत्येक तंतूला चिकटून, त्याच्या पातळ आवरणाखाली, काही पेशी झोपून असतात. तंतू फाटला किंवा झिजला की त्या जाग्या होतात, वाढतात, नवा तंतू बांधतात, आणि त्यांतल्या थोड्या पुन्हा झोपी जातात. म्हातारपणी हा साठा आटतो. उज्ज्वलाबाईंचा आटला होता.

झोप किती गाढ, हे पेशी काय जाळते यावर ठरतं. झोपलेली पेशी संथपणे चरबी जाळते. जागी होताना ती साखरेवर येते. माणसाला अन्न मिळेनासं झालं की यकृत चरबीपासून केटोन नावाची द्रव्यं बनवतं आणि ती रक्तातून सगळीकडे जातात. मेंदूला ती इंधन म्हणून चालतात, पण स्नायूतल्या या पेशींना ती निरोपासारखी पोचतात. दिवस वाईट आहेत, हलू नका. पेशी आणखी खोल झोपते. अशी पेशी उठायला वेळ लावते, पण मरायलाही वेळ लावते. दुसऱ्याच्या शरीरात टोचल्यावर सुखवस्तू पेशी बहुतेक मरून जातात आणि या तगतात. उपाशी उंदरांमध्ये हे पूर्वीच दिसलं होतं. नवा शोध एवढाच होता की वाढीच्या वयात ही अवस्था फार लांबली, तर पेशीतल्या डीएनएच्या वेष्टनावर तिचा शिक्का बसतो आणि तो जन्मभर राहतो. शिक्क्यावरून वयही वाचता येतं.

“तुमचाही तोटा आहे, तो सांगायला हवा,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “मांडीतल्या साठ्याचा बराच भाग जाईल. आज कळणार नाही. सत्तरीत जिना चढताना कळेल. शिवाय इतक्या गाढ झोपलेल्या पेशी आवरणापासून सुटत नाहीत. आधी दोन दिवस औषध देऊन त्या तुमच्या शरीरातच जाग्या कराव्या लागतात.”

“मी विचार करून सांगते,” शाल्मली म्हणाली.

बाहेर ओजस बाकावर बसला होता. अंगाने भरलेला, रोज पहाटे व्यायाम करणारा. त्याला आपणच निवडले जाऊ याची खात्री होती.

“म्हणजे मी नापास?” त्याने विचारलं. “एवढे दंड, एवढ्या मांड्या कमावल्या त्या कशाला मग?”

“तुझ्या पेशी खात्यापित्या घरच्या आहेत म्हणे. परक्या अंगात टिकत नाहीत.”

“आणि तुझ्या कुठल्या घरच्या?”

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं.

*

सांगलीला परत जाताना तिचा नवरा निनाद गाडीत शेजारी बसला होता. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे त्याला तिच्याकडे पूर्ण लक्ष देता येत होतं आणि तिला ते नको होतं.

“यंत्राची चूक असेल,” तो म्हणाला.

“यंत्राची चूक नाही. मला आठवतंय.”

“काय आठवतंय?”

तिला आठवत होता काटा. बाबांचा सोनं तोलायचा जुना काटा दुकानात नवीन आल्यावर घरी आला आणि स्वयंपाकघरात फडताळावर बसला. आई त्यावर शाल्मलीचं जेवण तोलायची. भाजी तोलायची, भाकरीचा तुकडा तोलायची. तुकडा म्हणजे खरोखर तुकडाच, नखाएवढा. कधी काटा जास्त दाखवायला लागला तर तुकड्याचाही तुकडा मोडून बाजूला ठेवायची. शेजारच्या पाटावर ओजस अख्खी गुळाची पोळी खात असायचा. बेदाण्याच्या गावात राहून तिला बेदाणा मिळत नव्हता. एकदा बेदाणा वाळवायच्या शेडमधून तिने मूठभर आणले, तर आईने मूठ उघडायला लावून एकेक मोजून काढून घेतला आणि तोंडात बोट घालून पाहिलं.

“सोन्याच्या काट्यावर?” निनादने विचारलं. “जेवण?”

“मी विचारलं की म्हणायची, तुला सोसत नाही. आणि वर लोण्याचा गोळा भरवायची. ओकारी यायची मला. तो संपल्याशिवाय उठायचं नाही. भूक लागलेल्या पोराला असं छळायचं.”

“तू मला हे कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? मला वाटायचं सगळ्यांच्या घरी मुलींना कमी वाढतात. आमच्याकडे जरा जास्त कमी वाढत होते.”

निनाद म्हणाला, “आईंना विचारायला हवं.”

“विचारेन. पण आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारते.”

दुसरी कुणी म्हणजे कुंदामावशी, आईची मोठी बहीण, इचलकरंजीला राहणारी. तिला शाल्मलीने घरी पोचताच फोन लावला. मावशी आधी बराच वेळ आईच्या तब्येतीचं विचारत राहिली. शाल्मलीने सरळ विचारलं, “मावशी, मी पाच-सहा वर्षांची असताना आई मला काय जेवायला घालायची?”

पलीकडचा टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला.

“मावशी?”

“कोण काय म्हणालं तुला?”

“म्हणायला कशाला पाहिजे कुणी? तपासणीत निघालंय.”

“तपासणीत?” मावशीचा आवाज बारीक झाला. “कसली तपासणी गं? काय काय निघतं त्यात?”

“लहानपणी मी उपाशी होते हे निघतं.”

“हां,” मावशी म्हणाली, आणि त्या एका शब्दात शाल्मलीला सुटकेचा निःश्वास ऐकू आला. “तेवढंच होय? अगं, तू खायची नाहीस नीट. फार कटकट करायचीस. जाऊ दे ते आता. उज्जीला बरं वाटू दे.”

फोन ठेवल्यावर शाल्मली त्या निःश्वासाचा विचार करत राहिली. मुलीला उपाशी ठेवलं हे कळलं, तरी मावशी म्हणते तेवढंच. मग यापेक्षा मोठं असं काय होतं?

*

दुसऱ्या दिवशी ओजस तिच्याशी भांडला. रुग्णालयाच्या उपाहारगृहात, डोसा समोर ठेवून.

“तीस वर्षांपूर्वी तुला गुळाची पोळी कमी मिळाली म्हणून तू आईला मरू देणार आहेस, ताई?”

“कमी नाही. मिळालीच नाही.”

“मी काय करू मग? मी तीन-चार वर्षांचा होतो. तुझ्या ताटातलं ओढून घेतलं का मी?”

“तुला मी काही म्हटलंय?”

“म्हणत नाहीस, पण बघतेस. पोलिसासारखी बघतेस सगळ्यांकडे. कालपासून मला जेवताना लाज वाटायला लागलीय.” त्याने खरोखरच डोसा बाजूला सारला. “बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आई बोलू शकत नाही आणि तू तिच्यावर खटला चालवतेस.”

“ती बोलू शकते. चल.”

उज्ज्वलाबाईंच्या खाटेवर एक फळा बसवला होता. त्या नजरेने एकेक अक्षर निवडत आणि शब्द पुरा झाला की फळा तो एका तरुण बाईच्या आवाजात मोठ्याने म्हणायचा. नातलगांना काळजी नको म्हणून तो शब्द सगळ्यांच्या फोनवरही उमटायचा. ओजसच्या, शाल्मलीच्या, आणि जवळचे म्हणून निनादच्याही. दोन-तीन शब्दांत त्यांचे डोळे थकायचे, म्हणून कुणी फार विचारत नसे.

निनाद आधीच तिथे होता. तो रोज ऑफिसला जाताना सासूबाईंकडे डोकावून जायचा. शाल्मली खाटेजवळ उभी राहिली. आईच्या मनगटाची हाडं चादरीवर वेगळी ठेवल्यासारखी दिसत होती.

“आई, माझ्या स्नायूतल्या पेशी तुला द्यायचं डॉक्टर म्हणतात. मला आधी औषध देऊन त्या जाग्या करतील. माझ्याच पेशी का, ते तुला माहीत आहे?”

उज्ज्वलाबाईंचे डोळे तिच्यावर थांबले.

“लहानपणी मी उपाशी होते म्हणून. डॉक्टरांना दिसलं ते. आई, तू मला काय जेवायला द्यायचीस?”

डोळे तिच्यावरून निनादकडे गेले, परत तिच्याकडे आले, मग फळ्याकडे. अक्षरं सावकाश उमटली.

“नको,” फळा गोड आवाजात म्हणाला. तिघांच्या खिशात फोन थरथरले.

“काय नको? सांगायला नको?”

“औषध नको.”

“म्हणजे पेशी नकोत तुला माझ्या?”

उज्ज्वलाबाईंनी डोळे घट्ट मिटले, उघडले, पुन्हा निनादकडे पाहिलं. यंत्राचा वेग वाढला. मग एक शब्द फार वेळाने आला.

“अक्का.”

“मावशीला बोलवायचंय?” ओजसने विचारलं.

“बोलाव.”

एवढ्यावर डोळे मिटले ते मिटलेच. परिचारिकेने सगळ्यांना बाहेर काढलं.

“बघितलंस?” शाल्मली बाहेर आल्यावर म्हणाली. “पेशी काढल्या की आणखी तपासतील, आणखी काही निघेल, याची भीती आहे तिला. आणि मावशीला बोलावून दोघींना एकच काहीतरी ठरवायचंय.”

“तिला तुझी काळजी असेल,” निनाद म्हणाला.

“तिने तुझ्याकडे कितीदा पाहिलं? काळजी माझी असती तर माझ्याकडे पाहिलं असतं.”

ती तशीच डॉ. मुजावरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली की ती तयार आहे. सोमवारपासून औषध सुरू करायचं ठरलं. हे आपण आईसाठी करतोय की तिच्या ‘नको’ला उत्तर म्हणून, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

*

शाल्मली तासगावच्या बाजारात, बेदाण्याच्या सौद्याआधी नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. शुक्रवारी एक व्यापारी तिच्याशी हुज्जत घालायला आला. माल एवढा पिवळाजर्द म्हणजे गंधकाची धुरी जास्त दिली असणार, दर पाडा, असं त्याचं म्हणणं. ती हे आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी समजावायची.

“रंगावरून गंधक ठरवत नाही, काका. रंग उन्हाने बदलतो, जातीने बदलतो. गंधक वेगळं मोजायचं असतं. मोजलंय. कमी आहे.”

व्यापारी गेला. शाल्मलीने पुढची बरणी उचलली आणि ती हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने डॉ. मुजावरांना फोन लावला.

“डॉक्टर, तुम्ही नक्की काय मोजलंत? भूक की केटोन?”

“केटोनचा शिक्का. भूक म्हणजे तेच.”

“भूक म्हणजे तेवढंच का? उपाशी मुलाला दुसरंही काही कमी पडत असेल.”

“प्रथिनं कमी पडतात. त्याची खूण वेगळ्या जागी असते. दात्यासाठी तिचा उपयोग नाही, म्हणून आम्ही पाहत नाही. तुमचा नमुना शिल्लक आहे. पाहते.”

शनिवारी त्यांनीच तिला बोलावून घेतलं. या वेळी आलेख दाखवायची घाई त्यांना नव्हती.

“प्रथिनांचा तुटवडा अजिबात नाही. तुम्ही त्या काळात व्यवस्थित वाढत होता. तुम्ही उपाशी नव्हता, शाल्मलीताई. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आमच्याकडे या शिक्क्याला उपासमारीचा शिक्का म्हणायची सवय झालीय.”

“मग केटोन कुठून आले?”

“भाकरी, भात, साखर, फळं जवळपास बंद केली आणि माणसाला तूप, लोणी, साय, खोबरं यांवर ठेवलं, तर पोट भरलेलं असूनही शरीराला उपासमार चाललीय असंच वाटतं. पेशींना फरक कळत नाही. पण ते जेवण फार काटेकोर असतं. एक घास इकडे तिकडे झाला तरी बिघडतं. प्रत्येक पदार्थ तोलून द्यावा लागतो.”

शाल्मलीला फडताळावरचा काटा आठवला.

“असं कुणी का देईल मुलाला?”

“एका आजारात देतात. औषधं लागू पडली नाहीत तर.” डॉ. मुजावर तिच्याकडे रोखून पाहत होत्या. “तुम्हाला घरी कुणी कधी काही सांगितलं नाही? मग आधी घरी विचारून या. आणि सोमवारचं औषध मी थांबवतेय.”

*

कुंदामावशी त्याच दुपारी इचलकरंजीहून आली. पंच्याहत्तरीची, ताठ, हातात पिशवी. उपाहारगृहाच्या टेबलाशी बसल्या बसल्या तिने निनादकडे पाहून म्हटलं, “निनादराव, माझ्यासाठी जरा बिनसाखरेचा चहा सांगता का? आणि तिकडे औषधाच्या दुकानात गुडघ्याचा पट्टा मिळतो का बघा. घाई नाही, सावकाश या.”

तो उठून गेला. मावशीने तो दाराबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली.

“ते औषध घेतलंस का तू?”

“नाही. थांबवलंय.”

मावशीने पदराने कपाळ पुसलं. “उज्जीचा जीव टांगणीला लागला असणार. ओजस म्हणाला, ती नको नको करते, मला बोलव म्हणते. मी ओळखलं, औषधाने तुझं जुनं दुखणं उठेल ही भीती तिला. पण फोनवर कसं बोलू? तुझा फोन कायम त्या मोठ्या आवाजावर असतो, घरात सगळ्यांना ऐकू जातं.”

“मावशी, कोणता आजार होता मला?”

मावशीने पुन्हा दाराकडे पाहिलं. “आकडी यायची तुला. झोपेत. कधी दिवसाही. डोळे फिरवायचीस, हातपाय ताठ. तुझ्या आईने तुझ्या दातांत स्वतःचं बोट दिलंय, बघ कधी तिच्या डाव्या हाताचं नख. सांगलीची औषधं झाली, कोल्हापूरची झाली. मग पुण्याच्या डॉक्टरांनी ते जेवण सांगितलं. प्रत्येक गोष्ट तोलून. तुला आठवतं, आम्ही तुला पेशवे पार्कात नेलं होतं? ते त्या डॉक्टरांकडून येताना.”

“मला पार्क आठवतो. डॉक्टर नाही.”

“आठवू नये म्हणूनच नेलं. दोन वर्षं केलं तिने ते. आकडी गेली ती गेलीच.”

“मग सांगितलं का नाही? मला तरी?”

“तुला सांगितलं तर तू कुणाला तरी सांगणार. शाळेत सांगणार. पोरीची जात. आकडीवाली म्हणून एकदा लोकांच्या तोंडी बसलं की कोण करून घेणार होतं तुला?”

“लोकांना काय वाटलं मग? शेजारीपाजारी बघत असतील की.”

“बघत होते. बोलतही होते.” मावशी कडवट हसली. “पोतदारणीने पोरीला वाळीत टाकलंय, पोराला तुपाशी न् पोरीला उपाशी. शिंदेकाकू तर तोंडावर म्हणाल्या, देवाने दिलेली लेक आहे, असं करू नये. मी उज्जीला म्हटलं, सांगून टाक एकदाचं. ती म्हणाली, मला कैदाशीण म्हणू देत अक्का. मला म्हटलेलं पुसलं जाईल. तिला म्हटलेलं पुसलं जाणार नाही.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी थर्मासचं झाकण पाडलं.

“मग परवा बोर्डावर तेवढं लिहायचं होतं ना तिने,” शाल्मली म्हणाली. “आकडी. तीन अक्षरं.”

“जावयासमोर?” मावशीने खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं. “आणि ते बोलतं म्हणे मोठ्याने.”

*

निनाद पट्टा घेऊन आला तेव्हा शाल्मलीने त्याला तिथेच, मावशी डोळ्यांनी नको म्हणत असताना, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. त्याच्या हातात पट्ट्याचा खोका होता, तो त्याने टेबलावर ठेवला नाही.

“तुला खरंच माहीत नव्हतं?” त्याने विचारलं.

“नव्हतं.”

“बरं.”

प्रश्न आणि ते ‘बरं’ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा होती. त्या जागेत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं हे शाल्मलीला स्पष्ट दिसलं. त्यांचं लग्न, त्यांची सात वर्षांची रेवा, तापात दचकून उठणारी. कालपर्यंत ती स्वतः अशीच सगळ्यांकडे पाहत होती. मावशीने मान खाली घातली. मी सांगत होते ना, असं तिने म्हटलं नाही.

“रेवाला कधी...” निनादने सुरुवात केली.

“कधीच नाही. तूही घरातच असतोस.”

“हो. तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतोयस. म्हण. पण मावशीसमोर म्हण, मागून नको.”

तो खाली बसला. खोका त्याने मावशीपुढे सरकवला. “चहा सांगायचा राहिला,” तो म्हणाला, आणि पुन्हा उठला.

डॉ. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. ते औषध सगळ्या शरीराला साखरेवर ढकलतं. जिचा मेंदू लहानपणी केटोनवर शांत झाला, तिला ते देणं धोक्याचं होतं. एक दुसरा रस्ता होता. पेशी झोपलेल्याच काढायच्या आणि बाहेर काचेच्या बशीत जाग्या करायच्या. पण त्या आवरणासकट काढाव्या लागणार, म्हणजे दोन्ही मांड्यांमधून मोठे तुकडे घ्यायचे. महिनाभर काठी. म्हातारपणाचा हिशेब दुप्पट. आणि आईच्या बाजूने यशाची शक्यता आधीपेक्षा कमी.

“करू या,” शाल्मली म्हणाली.

“आणखी एक. दात्याच्या नोंदीत मला हे लिहावं लागेल. ती नोंद रक्ताच्या नातलगांच्या नोंदींना जोडली जाते. तुमच्या मुलीच्याही. उद्या तिच्या विम्याला, शाळेला, पुढे कुणाकुणाला दिसेल. आज तुम्ही मला हे बोललाच नाहीत असं धरून मी नुसतं ‘औषध सोसत नाही’ असंही लिहू शकते. तुमची इच्छा.”

खोलीत तिच्याबरोबर निनाद होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर तिला उत्तर शोधावं लागलं असतं. ‘सोसत नाही’ हे शब्द मात्र तिला फार ओळखीचे वाटले. त्यात सोय होती. रेवाला कळणार नव्हतं, कुणालाच कळणार नव्हतं, आणि रेवाला कधी काही झालंच तर तेव्हा पाहता आलं असतं. तिला आईचं म्हणणं पहिल्यांदाच आतून कळलं. किती सोपं होतं ते, आणि त्यात वाईट माणूस व्हावंच लागत नव्हतं.

“आकडी लिहा,” ती म्हणाली. “वय पाच ते आठ. उपचार जेवणाचा. बरी झाली, असंही लिहा.”

बाहेर आल्यावर निनाद बराच वेळ तिच्या बरोबर चालत राहिला. गाडीपाशी तो म्हणाला, “रेवाला मी सांगतो. तुझ्याइतकं सरळ मला जमणार नाही, पण सांगतो.”

*

पेशी बशीत जाग्या व्हायला वेळ लागला. डॉ. मुजावर रोज कळवायच्या. आज काही नाही. आजही काही नाही. मग एक दिवस, हलतायत. उज्ज्वलाबाईंच्या श्वासपटलात त्या बारीक सुयांनी टोचल्या, तेव्हा शाल्मली दोन काठ्यांवर होती आणि ओजस तिला जिन्यावरून उचलून नेतो म्हणत मागे लागला होता.

“ठेव मला खाली. लोक बघतात.”

“बघू देत. माझ्या दंडांचा काहीतरी उपयोग होऊ दे.”

सुधारणा इतकी हळू होती की तिच्यावर कुणी विश्वास ठेवेना. यंत्र आधी थोडा वेळ बंद ठेवत, मग दुपारभर. एका सकाळी गळ्यातल्या नळीवर आवाजाची झडप बसवली. परिचारिका म्हणाली, “आजी, आता बोलून बघा. हळूच. एकेक शब्द.” फळा तिने बाजूला फिरवून ठेवला.

शाल्मली खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती, पाय लांब करून. ओजस दाराशी होता. निनाद नुकताच ऑफिसला गेला होता.

उज्ज्वलाबाईंनी ओठ ओले केले. आवाज आला तो खरखरीत, अर्धा हवेचा.

“निनादरावांना,” त्या म्हणाल्या, आणि श्वास घेतला. “कशाला सांगितलंस?”

ओजस एकदम हसत सुटला आणि हसता हसता भिंतीकडे वळला. शाल्मलीलाही हसू आलं. मग ते गेलं.

“लपवायचं कशाला?” ती म्हणाली.

“तुला काय,” श्वास. “कळतंय.”

“त्याने सोडलं नाही मला. बघ, तुझ्यासाठी पेज पाठवलीय.”

उज्ज्वलाबाईंनी डब्याकडे पाहिलं नाही. त्या मुलीच्या पायांकडे पाहत होत्या. चादरीखालून त्यांचा हात सरकत आला आणि मांडीवरच्या पट्टीपाशी थांबला, लावू की नको असा.

“अक्का म्हणाली,” श्वास. “तुलाही तेच वाटलं होतं. शिंदेकाकूंसारखं.”

परिचारिका म्हणाली, “आजी, पुरे आता.” उज्ज्वलाबाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या उत्तराची वाट पाहत होत्या. शिंदेकाकूंचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ओजस भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानेही ते खपवून घेतलं असतं.

“हो,” शाल्मली म्हणाली. “वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत होतं. आणि त्या दिवशी तू नको म्हणालीस तेव्हा सगळ्यात जास्त.”

उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटले. शाल्मली श्वास मोजणाऱ्या पडद्याकडे पाहत राहिली, कारण यंत्र बंद होतं आणि त्या जरा अस्वस्थ झाल्या की यापूर्वी प्रत्येक वेळी त्यांचा दम संपून घंटा वाजली होती. श्वास एकदा खोल गेला, अडकला. मग सुटला. मग पुढचा आला, त्याच्या मागून आणखी एक. थकलेले, आखूड, पण आपले आपण.

“तेवढं तरी,” उज्ज्वलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “खरं बोललीस.” आणि पट्टीपाशी थांबलेला हात त्यांनी खाली ठेवला, जिथून पेशी काढल्या होत्या तिथे, अगदी हलका, दुखू नये असा.